किती सीसी?

अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी ती जाड टायरांची चारचाकी बाइक, म्हणजे एटीव्ही. तिच्याबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: किती सीसी? क्लच कसा आहे हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते या गाडीचा इतिहास मात्र क्लचनेच जास्त घडवलाय.

अमेरिकेत हिवाळ्यात मोटरसायकली खपत नसत. तिथल्या डीलरांना बर्फात, वाळूत चालेल असं काहीतरी विकायला हवं होतं. होंडाच्या ओसामू ताकेउची या इंजिनिअरने त्यासाठी तीनचाकी बनवली आणि १९७० मध्ये ‘यूएस९०’ बाजारात आली. पुढे तिचं नाव ‘एटीसी९०’ झालं. इंजिन ८९ सीसीचं, ताकद जेमतेम ७ हॉर्सपॉवर. टायर २२ इंची, फुग्यासारखे, हवा अगदी कमी. (१९७१ च्या बाँडपटात शॉन कॉनरी यावरूनच पळतो.)

आणि क्लचचा लीव्हर नव्हताच. इंजिनाचा वेग वाढला की आतली वजनं बाहेर सरकतात, क्लच आपोआप धरतो. वेग उतरला की सुटतो. १९५८ च्या सुपर कबमध्ये होंडाने हेच केलं होतं. सोबा नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ट्रे धरून गाडी चालवता यावी, हा त्यामागचा हेतू.

खडकाळ चढावर हा क्लच वरदान ठरतो. गाडी मध्येच बंद पडत नाही, लक्ष फक्त वाटेवर. १९८५ मध्ये पोलारिसने स्नोमोबाइलमधला बेल्टवाला ऑटोमॅटिक ‘ट्रेल बॉस’मध्ये आणला. आपल्या गिअरलेस स्कूटरमध्येही तसाच बेल्ट असतो.

पण लीव्हर नाही म्हणजे शिकणंही नाही. अंगठ्याने थ्रॉटल दाबला की गाडी निघाली, मग वर दहा वर्षांचं पोरगं का असेना. तीनचाकीचा मागचा एक्सल सलग, डिफरेन्शियल नाही. वळताना अंगाचा भार नेमका टाकावा लागतो, तो लहान मुलाकडे नसतो. गाड्या उलटल्या, मुलं दगावली. अखेर १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टामार्फत तडजोड झाली. नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि वयाचा तक्ता आला: १२ वर्षांखाली ७० सीसीपेक्षा कमी, १२ ते १५ ला ९० पर्यंत, त्यापुढचं १६ नंतर.

सीसी मोजायला सोपं, म्हणून तेच मेट्रिक झालं. आमच्या क्षेत्रातही असंच चालतं. पण गिअरिंग बदललं किंवा थ्रॉटलला अडसर लावला की त्याच सीसीची गाडी वेगळी पळते. २००८ च्या कायद्याने जे मानक सक्तीचं केलं, त्यात मुलांच्या गाड्यांची वर्गवारी टॉप स्पीडवरून आहे.

ट्रेलवर पहिल्यांदा जाणाऱ्याने, म्हणूनच, आधी क्लच आणि सर्वात खालचा गिअर बघावा. सीसी नंतर विचारलं तरी चालेल.