फेवर ल्युबा, मुंबईचे कारागीर आणि पाण्यातलं घड्याळ

विषय जाहीर झाला तेव्हा पहिली शंका अशी आली की भिवंडीत पाणबुड्यांच्या घड्याळावर व्याख्यान कशाला? इथे मागावर बोला, सायझिंगवर बोला, फार तर गोदामांवर बोला. शंका रास्त आहे. पण पाण्यात बुडी मारून पोट भरणारी माणसं शोधायची असतील तर आपल्याला फार लांब जावं लागत नाही. काल्हेर-कशेळीच्या बाजूला, खाडीच्या पट्ट्यात, रेती काढण्याची एक जुनी पद्धत होती. सरकारी कागदांत तिला ‘हातपाटी-डुबी’ म्हणतात. होडीतून बांबूच्या आधाराने तळाला जायचं, श्वास रोखून बादलीत रेती भरायची, वरच्याने ती दोरीने ओढून घ्यायची, आणि पुन्हा खाली. दिवसभर हेच. या डुबीवाल्याच्या मनगटावर घड्याळ नसायचं. किती वेळ झाला हे त्याला छातीच कळवायची.

हे मुद्दाम आधी सांगतो आहोत, कारण आजच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. एकेकाळी परवडणारं, पाणी सोसणारं एक घड्याळ होतं. ते बंद पडलं. आता ते पुन्हा बाजारात आणलं जातंय. आणावं का? आणि आणायचं तर कोणासाठी?

आधी यंत्राचं थोडं. मनगटी घड्याळाचे दोन शत्रू, धूळ आणि ओल. 1926 साली रोलेक्सने ‘ऑयस्टर’ नावाची बंदिस्त पेटी आणली आणि पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज जलतरणपटूच्या गळ्यात ते घड्याळ घालून तिला इंग्लिश खाडीत पोहायला लावलं. जाहिरात उत्तम झाली. पण पोहणं वेगळं आणि खोल जाणं वेगळं. पाण्यात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे पन्नास मीटरवर पृष्ठभागाच्या सहापट. हा दाब काचेच्या कडेतून, मागच्या झाकणातून आणि सगळ्यात जास्त चावीच्या दांडीतून आत शिरायला बघतो. म्हणून रबरी वायसर, आणि पुढे स्क्रूसारखी आवळून बसणारी चावी.

पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जाण्याची सोय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली आणि मग घड्याळाला खरं काम मिळालं. टाकीतली हवा मोजकी, आणि वर येताना किती वेळ कुठे थांबायचं याचाही हिशोब. त्यात चुकलं तर जीवावर बेतणार. 1953 मध्ये ब्लांपांचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचा वाव. पन्नास वाव म्हणजे साधारण 91 मीटर. त्याच सुमाराला रोलेक्सचं ‘सबमरीनर’ आलं. या घड्याळांना काचेभोवती आकड्यांची फिरती कडी असते. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग गेलेली मिनिटं थेट वाचता येतात. पुढे ही कडी एकाच दिशेने फिरेल अशी केली. चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. एवढीशी युक्ती, पण तिने किती जीव वाचवले असतील याची गणती नाही.

आता मुंबईकडे येऊ. फेवर ल्युबा. मूळ फ्रेंच उच्चार वेगळा आहे, पण आपल्या घरांत हेच नाव रुळलं, तेच आपण वापरू. स्वित्झर्लंडच्या ल लोकल गावात 1737 पासून हे घराणं आपला इतिहास सांगतं. त्यातल्या फ्रिट्झ फाव्रने 1860च्या दशकात हिंदुस्थानची वाट धरली आणि मुंबईत व्यवसाय उभा केला. म्हणजे स्विस घड्याळं आपल्याकडे आली ती पुष्कळ अंशी या दारातून. पुढची शंभर वर्षं हे नाव इथे इतकं मुरलं की ते परदेशी आहे याचाही लोकांना विसर पडला. ओमेगा-रोलेक्स वरच्या पायरीवर. फेवर ल्युबा मधल्या. शाळामास्तर, रेल्वेतला कारकून, गिरणीतला जॉबर यांनी पैसे साठवून घ्यावं, किंवा जावयाला लग्नात मिळावं, असं घड्याळ. ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही त्यांची आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी नावं. नावात समुद्र, पण ही काही पाणबुड्यांची घड्याळं नव्हती. रोज चावी देऊन चालणारी साधी, टिकाऊ घड्याळं. खास पाण्यासाठी त्यांनी 1960च्या दशकात ‘डीप ब्लू’ काढलं आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘बॅथी’.

बॅथीवर थोडं थांबायला हवं, कारण ते यंत्र म्हणून फार गोड आहे. बाकी सगळ्यांची धडपड पाणी बाहेर ठेवण्याची. याने पाण्याला मुद्दाम आत घेतलं. मागच्या झाकणाला भोकं ठेवली, त्यातून पाणी येऊन एका पातळ धातूच्या पडद्यावर दाबतं, आणि पडदा जितका दबेल तितका काटा सरकून खोली दाखवतो. घड्याळाचं मुख्य यंत्र मात्र त्या पडद्यापलीकडे कोरडंठाक. ‘बॅथी 50’ हे मीटरमधलं आणि ‘बॅथी 160’ फुटातलं, खोली तीच. हे स्वस्त कधीच नव्हतं. पण ज्या घराण्याने ते केलं तेच घराणं आपल्या जॉबरच्या मनगटावरचं ‘सी किंग’ही करत होतं, हे लक्षात ठेवू.

मग बंद का पडलं? दोन्हीकडून मार बसला. भारतात परकीय चलन वाचवण्यासाठी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. 1961 साली बंगलोरला एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’, ‘सोना’. पहिला घास नेहरूंच्या हस्ते, आणि मग पंचवीस वर्षं दुसरं घड्याळ मागायची सोय नाही, अशी परिस्थिती. ज्यांना दुसरं हवंच होतं ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात जात. आखातात नोकरीला गेलेली भिवंडीतली, कोकणातली पोरं परत येताना ‘सिको फाइव्ह’ घेऊन येत. चावी द्यायची भानगड नाही, हात हलला की चालतं. आणि तिकडे जपानमध्ये, 1969च्या डिसेंबरात सिकोनेच क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातले साधारण 90,000 कामगार तिसऱ्या हिश्श्यावर आले. फेवर ल्युबा कुटुंबाच्या हातून गेलं, नाव या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिलं. एचएमटीही क्वार्ट्झला उशिरा भिडली. 1987 पासून टायटन बाजारात उतरलं, आणि अखेर 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

पुढचा भाग आजच्या प्रश्नाचा. 2011 मध्ये टायटनने फेवर ल्युबा हे नाव विकत घेतलं, सुमारे 20 लाख युरोंना. ज्या नावाने मुंबईला घड्याळ बांधायला शिकवलं ते नाव टाटांच्या घरात आलं, हा योग कोणालाही आवडेल असाच. 2016 नंतर नवी घड्याळं आली: ‘रेडर हार्पून’, आणि 120 मीटरपर्यंत खोली मोजणारं ‘रेडर बॅथी 120’. काम अस्सल होतं, यंत्र म्हणून आम्हाला त्यात नाव ठेवायला जागा दिसत नाही. पण किंमत लाखांत. धंदा जमला नाही. 2023 मध्ये हे नाव एथॉस या भारतीय घड्याळविक्रेत्यांच्या समूहाकडे गेलं, 2024 मध्ये जिनिव्हात पुन्हा एकदा अनावरण झालं. ‘डीप ब्लू’, ‘डीप रेडर’, ‘चीफ’. दिसायला देखणी, जुन्या तबकड्यांशी इमान राखणारी. किंमत पुन्हा लाखाच्या पुढे.

म्हणजे बघा, एकाच नावाचं दहा वर्षांच्या आत दोनदा पुनरुज्जीवन झालं आणि दोन्ही वेळा जी गोष्ट आपल्याकडे लोकांनी उचलून धरली होती तीच परत आली नाही. तबकडी आली, काटे आले, नाव आलं. ‘मधली पायरी’ आली नाही. आम्ही यात कोणाला दोष देत नाही. स्वित्झर्लंडमध्ये हाताने जुळवलेलं यंत्र महिन्याच्या पगारात विकता येत नाही, हा हिशोब सरळ आहे. पण मग त्याला पुनरुज्जीवन म्हणताना जरा जीभ चावावी.

उलटं उदाहरणही आहे. सिकोचं ‘एसकेएक्स 007’ हे 1996 मध्ये आलेलं पाणबुड्यांचं घड्याळ जगभर ‘गरिबाचं डायव्हर’ म्हणून चाललं. 200 मीटर, स्क्रूची चावी, पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे त्यात बसणारं. ते बंद झालं, आणि 2019 मध्ये त्याच चेहऱ्याची ‘सिको फाइव्ह स्पोर्ट्स’ मालिका आली. किंमत आवाक्यात राहिली, पण खोली 200ची 100 झाली आणि चावीचा स्क्रू गेला. इथे चेहरा आणि किंमत टिकली, वचन पातळ झालं. तिकडे वचन टिकलं, किंमत पळाली. तिन्ही एकत्र का येत नाहीत?

आमचं मत असं आहे की परवडणारं घड्याळ हे कारखान्यात कधीच पूर्ण होत नव्हतं. ते पूर्ण होत होतं नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे. डोळ्याला भिंग लावून बसलेला, काचेच्या टपरीतला माणूस. स्प्रिंग तुटली, बदल. चावी घासली, बदल. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरली, उघड, सुकव, नवं वायसर टाक. एक घड्याळ तीस-चाळीस वर्षं चाले, आणि किंमत तेवढ्या वर्षांत वाटली की मगच ते स्वस्त ठरे. मासिक हिशोबाने पाहा, शोकेसमधल्या चिठ्ठीवरून नाही.

आणि भिवंडीला हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग इथे येऊन परत चालले, त्यावर हे गाव उभं राहिलं. एका मागाचे चार माग करणारे आणि चार मोडक्यांतून एक चालता करणारे मिस्त्री इथे आहेत. 1982च्या संपानंतर गिरण्यांचं काम इथे वळलं तेव्हा ते नवीन यंत्रांवर नव्हे, तर या मिस्त्र्यांच्या भरवशावर.

घड्याळाच्या बाबतीत हेच मुंबईच्या कारागिरांनी केलं. जुनी फेवर ल्युबा, एचएमटी, सिको गोळा करायची, पाचातून दोन जुळवायची, तबकडी नव्याने रंगवायची आणि पुन्हा विकायची. परदेशी संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. भडक निळी-केशरी तबकडी, नसलेल्या मॉडेलचं नाव, एका कंपनीचा काटा दुसरीच्या यंत्रावर. हिणवायला कारण आहे. ‘अगदी मूळचं’ म्हणून विकलं तर ती फसवणूकच. आणि खोलीचा आकडा रंगवला म्हणून पाणी थांबत नाही. पण प्रामाणिकपणे ‘दुरुस्त केलेलं’ म्हणून विकलं, तर फेवर ल्युबाचं खरं पुनरुज्जीवन आम्हाला इथे दिसतं. टायटनच्या खरेदीच्या कितीतरी आधीपासून, कुठल्याही अनावरणाशिवाय, दोन-तीन हजारांत ते घड्याळ पुन्हा कामगाराच्या मनगटावर जात होतं.

मग नवं परवडणारं डायव्हर हवंच कशाला, असं कोणी म्हणेल. हजार-दोन हजारांचं क्वार्ट्झ घड्याळ पाऊस, घाम, सगळं सोसतं. खरं आहे. पाण्यापासून वाचणं ही गरज आता भागलेली आहे. त्यासाठी जुनं नाव जागं करायची आवश्यकता नाही. जागं करायचंच असेल, तर ज्या कंपनीकडे ते नाव आहे तिने एक मॉडेल असं काढावं की ज्याचं यंत्र सर्रास मिळणारं असेल, सुटे भाग कोणत्याही दुरुस्तीवाल्याला विकत मिळतील, आणि पाण्याची चाचणी करून घ्यायची सोय जिल्ह्याच्या गावात असेल. स्विस शिक्का नसला तरी चालेल. तेवढं होणार नसेल तर लाखाचं घड्याळ हौशी माणसाने खुशाल घ्यावं, पण ते ‘सी किंग’ परत आलं असं समजून नाही.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, त्याचं उत्तर देऊन थांबतो. ‘आजोबांचं सी चीफ आहे, मागे वॉटरप्रूफ लिहिलंय, पावसात घालावं का?’ नको. तो शब्द त्या काळचा. आता नियमांत ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणतात, म्हणजे पाणी काही मर्यादेपर्यंत सोसेल, एवढंच. त्यातलं रबर आता कडक होऊन भुगा झालं असणार. आधी उघडून साफ करून घ्या, तेल घाला, नवं वायसर टाका, काच नीट बसते का पाहा. दुरुस्तीवाला म्हणाला तबकडी नवी करून देतो, तर नको म्हणा. डाग असू द्या. आणि रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, शेवटपर्यंत, पण जोर न लावता.