निर्जीव सागरतळाचा सिद्धान्त
एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४१-४२ साली एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला. खोलीबरोबर प्राणी विरळ होत गेले. त्यावरून सुमारे ३०० वावांखाली जीवसृष्टी नसावी, असे अनुमान त्यांनी बांधले. वस्तुतः एजियनचा खोल तळ मुळातच दरिद्री. त्यावरून साऱ्या महासागरांची परीक्षा झाली. १८१८ साली जॉन रॉस यांनी बॅफिन उपसागरात याहून कितीतरी खोल सोडलेल्या दोरीला तारामाशाच्या वर्गाशी नाते सांगणारा एक प्राणी गुंतून आला होता. पण तो वाटेतच अडकला असेल, अशी शंका घेता येई. १८६० साली सार्डिनिया व अल्जीरिया यांमधील तुटलेली तारायंत्राची केबल सुमारे १,२०० वावांवरून वर काढली, तेव्हा तिच्यावर प्रवाळ घट्ट चिकटून वाढलेले आढळले. तेथे ती शंका उरली नाही. फोर्ब्स मात्र १८५४ सालीच निवर्तले होते.