संशोधनपद्धतीची निवड (विद्यार्थी प्रकल्प)

स्वतंत्र प्रकल्पासाठी प्रश्नाला साजेशी पद्धत ठरवणे. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात असे प्रश्न पवना-इंद्रायणीच्या काठावरच भेटतात.

पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायला १८८८ सालची विंकलर पद्धत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही जमते. बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड काठावरच घालायचे. साका तपकिरी झाला, तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला, तर नदी गुदमरली आहे.

चाकणच्या कंत्राटी कामगाराचे जगणे मात्र बाटलीत मावत नाही. तिथे छापील प्रश्नावलीपेक्षा पाळी सुटल्यावर, सुपरवायझर जवळ नसताना, चहाच्या टपरीवर झालेली मुलाखत अधिक खरी. त्याआधी संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवण्याची हमी द्यावी. मराठीबरोबर हिंदीही लागते.