अलिफ लैला जाळणारे पाद्री आणि चांदण्या दाखवणारा बाप

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एक ख्रिस्ती सहशिक्षिका माझ्याजवळ येऊन बसल्या. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या आहेत. त्यांचा मुलगा सहावीत शिकतो. वाढदिवसाला त्याच्या मामाने त्याला हॅरी पॉटरचा पहिला भाग भेट दिला. पोराने दोन दिवसांत निम्मे पुस्तक संपवले. तेवढ्यात चर्चमधल्या एका ज्येष्ठांनी सांगितले की हे जादूटोण्याचे पुस्तक आहे, घरात ठेवू नका. तेव्हापासून पुस्तक कपाटावर आहे आणि पोरगा रुसलेला आहे. त्यांनी मला विचारले, "मॅडम, तुमच्यात याबद्दल काय सांगतात?"

मी म्हटले, हे भांडण तुमच्याकडेही जुने आहे आणि आमच्याकडेही. थोडी पुस्तके चाळते आणि मग सांगते. हा लेख म्हणजे त्यांना दिलेले उत्तर आहे. तो इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मला मुस्लिम आईबापांनीही अनेकदा विचारला आहे.

पाद्र्याच्या घरातली आग

गोष्ट इंग्लंडमधली आहे. डेव्हन परगण्यात ऑटरी सेंट मेरी नावाचे एक छोटे गाव आहे. तिथले पाद्री जॉन कोलरिज हे गावच्या शाळेचे मुख्याध्यापकही होते. विद्वान आणि देवभोळे गृहस्थ. १७७२ साली त्यांच्या घरी सर्वांत धाकटा मुलगा जन्मला. त्याचे नाव सॅम्युएल. पुढे हाच मुलगा इंग्रजीतला मोठा कवी सॅम्युएल टेलर कोलरिज म्हणून ओळखला गेला.

सहा वर्षांचा असताना या पोराच्या हाती 'अलिफ लैला' लागली. अरबी कथांचा हा संग्रह आंत्वान गालां या फ्रेंच विद्वानाने १७०४ पासून फ्रेंचमध्ये आणला आणि लगोलग तो इंग्रजीत उतरला. बगदाद आणि कैरोच्या बाजारात रमणाऱ्या गोष्टी अशा फिरत फिरत एका इंग्रज पाद्र्याच्या खिडकीत जाऊन बसल्या होत्या.

पुढचे कोलरिजनेच ऑक्टोबर १७९७ मध्ये आपला मित्र टॉमस पूल याला पत्रात लिहून ठेवले आहे. त्यातली एक गोष्ट त्याने संध्याकाळी वाचली, आई शेजारी मोजे शिवत बसली होती. त्या गोष्टीने तो इतका घाबरला की अंधारात त्याला भुते दिसू लागली. तरी पुस्तक सुटेना. ते खिडकीत पडलेले असायचे आणि हा लांबून त्याच्यावर नजर ठेवायचा. खिडकीत ऊन आले आणि पुस्तकावर पडले, की मगच धीर करून ते उचलायचे, भिंतीशी बसायचे आणि उन्हात वाचायचे. अंधारात त्या पुस्तकाला हात लावायची त्याची हिंमत नव्हती.

वडिलांच्या हे लक्षात आले. त्यांनी ती पुस्तके जाळून टाकली.

इथे थांबून एक गोष्ट मान्य करायला हवी. तो बाप अडाणी नव्हता आणि निर्दयही नव्हता. त्याचे पोर खरोखरच घाबरत होते. एकलकोंडे झाले होते, खेळायला जात नव्हते. आज आपल्यापैकी कितीतरी आईबाप मुलाच्या हातून मोबाइल काढून घेतात, त्यामागे हीच काळजी असते. पुस्तक काढून घेणाऱ्या प्रत्येक बापाला आपण लगेच कर्मठ म्हणू नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. आठवडाभराने लिहिलेल्या पुढच्या पत्रात कोलरिज दुसरी आठवण सांगतो. तो आठ वर्षांचा असताना हिवाळ्यात एका संध्याकाळी वडिलांबरोबर गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या घरून पायी परत येत होता. चालता चालता वडिलांनी त्याला ताऱ्यांची नावे सांगितली. गुरू हा ग्रह आपल्या पृथ्वीच्या हजारपट मोठा आहे, हे लुकलुकणारे तारे म्हणजे सूर्य आहेत, त्यांच्याभोवतीही जगे फिरतात, असे सांगितले. घरी आल्यावर ते कसे फिरतात तेही दाखवले. कोलरिज म्हणतो, मी ते मोठ्या आनंदाने ऐकले, पण मला त्यात अविश्वास मुळीच वाटला नाही. कारण परीकथा आणि जिन्नांच्या गोष्टी वाचून माझ्या मनाला अफाट गोष्टींची सवय झाली होती.

मग तो थेट आपला प्रश्न विचारतो. राक्षस, जादूगार आणि जिन्न यांच्या गोष्टी मुलांना वाचू द्याव्यात का? याविरुद्ध जे काही बोलले जाते ते आपल्याला ठाऊक आहे, असे सांगून तो निःसंशय होकार देतो. त्याचे म्हणणे असे की ज्यांचे शिक्षण केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर झाले, त्यांना सृष्टीचे फक्त तुकडे दिसतात. तुकडे नेहमी लहानच असतात. मग त्यांच्यासाठी सगळे विश्वच लहानसहान वस्तूंचा ढीग होऊन बसते.

दोन वर्षांच्या अंतराने एकाच बापाने दोन गोष्टी केल्या. एकदा पुस्तक जाळले आणि एकदा आभाळ दाखवले. जे जाळले, त्यानेच पोराचे मन ते आभाळ पाहण्याजोगे केले होते. हे त्या बिचाऱ्या बापाला कधी कळलेच नाही. पोर नऊ वर्षांचे होण्याआधीच तो वारला.

भीती कुठून आली?

ख्रिस्ती आईबापांच्या भीतीला धर्मग्रंथाचा आधार आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात जादूटोणा, शकुन पाहणे, मृतांना विचारणे यांची सक्त मनाई आहे. आपल्याकडेही सिहर हराम आहे. त्यामुळे जादूगाराचे पोर नायक असलेले पुस्तक पाहून धार्मिक माणसाच्या कपाळावर आठी पडणे साहजिक आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. जॉन बन्यन हा सतराव्या शतकातला कडवा प्युरिटन उपदेशक. परवान्याशिवाय धर्मोपदेश केला म्हणून त्याने सुमारे बारा वर्षे तुरुंगात काढली. तारुण्यात आपल्याला बायबलपेक्षा शूरवीरांच्या अद्भुत कथा आवडायच्या, याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला आणि तसे त्याने १६५८ साली लिहिलेही. आणि याच माणसाने १६७८ साली 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' प्रसिद्ध केले. त्यात काय आहे? एक स्वप्न आहे, खवले असलेला अपोलियन नावाचा राक्षस आहे, आणि यात्रेकरूंना किल्ल्यात कोंडणारा निराशा नावाचा दैत्य आहे. हे छापावे की नाही यावरून त्याच्या मित्रांतच मतभेद झाले होते. पुढे ज्या घरांत कादंबरीला मज्जाव होता, त्या घरांतही बायबलच्या शेजारी हे पुस्तक असायचे. मराठीतही ते फार लवकर आले. हरी केशवजी यांनी १८४१ साली त्याचे 'यात्रिक क्रमण' हे भाषांतर केले. माझ्या सहशिक्षिकेच्या घरी पणजोबांच्या काळापासून कदाचित हीच अद्भुतकथा वाचली गेली असेल. तिला कुणी अद्भुतकथा म्हटले नाही, एवढेच.

दुसरे उदाहरण सेरा ट्रिमर या बाईंचे. मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी त्या आयुष्यभर झटल्या. १८०२ ते १८०६ या काळात त्यांनी 'गार्डियन ऑफ एज्युकेशन' हे नियतकालिक चालवले आणि त्यात मुलांची पुस्तके तपासली. परीकथांवर त्यांचा राग होता, सिंड्रेलासुद्धा त्यांच्या तडाख्यातून सुटली नाही. पण याच बाईंनी १७८६ साली मुलांसाठी जे पुस्तक लिहिले, त्यात रॉबिन पक्ष्यांचे कुटुंब माणसांसारखे बोलते! प्रस्तावनेत मात्र त्यांनी मुलांना बजावले की पक्षी खरोखर असे बोलत नाहीत. मला हे वाचून हसू आले, पण बाईंबद्दल आपुलकीही वाटली. मुलापर्यंत पोचायचे तर गोष्टीचाच रस्ता आहे, हे त्यांनाही कळले होते.

आपल्या घरातलीही तीच गोष्ट

हे फक्त ख्रिस्ती लोकांचे झाले असे समजून आपण हसू नये. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न नदीमने 'फिहरिस्त' लिहिले. 'अलिफ लैला'चे मूळ मानल्या जाणाऱ्या 'हजार अफसान'ला त्याने त्यात नीरस पुस्तक म्हणून निकालात काढले. उर्दूतली एक गाजलेली सुधारणावादी कादंबरी म्हणजे डेप्युटी नझीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह'. पटकीच्या साथीत आजारी पडलेल्या नसूहला स्वप्नात परलोकातला दरबार दिसतो. बरा झाल्यावर तो घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम ऐकत नाही आणि घर सोडून जातो. मग बाप त्याची खोली उघडून किस्से आणि शायरीची पुस्तके बाहेर काढतो आणि जाळतो. कलीम घरी परततो तो जखमी होऊन, मरणाच्या दारात.

लेखकाने हे बापाची बाजू घेऊन लिहिले आहे. तरी बी.एड.ला असताना मी ते वाचले तेव्हा माझ्या मनात राहिला तो कलीम. आणि एक गोष्ट खटकली. नसूहचे मन पालटले ते एका स्वप्नाने, म्हणजे न पाहिलेल्या जगाच्या चित्राने. नझीर अहमदही ते सगळे आपल्याला किस्सा सांगूनच शिकवतात.

जाळलेल्या पुस्तकांच्या पलीकडे

विसाव्या शतकात तर उलटेच घडले. सी. एस. लुईस तरुणपणी नास्तिक होता. १९१६ साली रेल्वे स्टेशनवरच्या दुकानात त्याने 'फँटास्टीज' नावाची जुनी अद्भुतकथा विकत घेतली. तिचा लेखक जॉर्ज मॅकडोनाल्ड कधीकाळी पाद्री होता. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीचा जणू बाप्तिस्मा झाला, असे लुईसने पुढे आत्मचरित्रात नोंदवले. १९३१ साली तो ख्रिस्ती श्रद्धेकडे परतला, त्यात त्याचा कॅथलिक मित्र टोल्कीन याच्याशी मिथककथांवर रात्री उशिरापर्यंत झालेल्या बोलण्याचा वाटा होता. पुढे लुईसने १९५० ते १९५६ दरम्यान नार्नियाची सात पुस्तके प्रसिद्ध केली आणि टोल्कीनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये आली. जादूगार, चेटकीण, बोलणारा सिंह, सगळे त्यांत आहे आणि लिहिणारे दोघेही पक्के ख्रिस्ती.

तरीही ३० डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावात एका चर्चने हॅरी पॉटरची होळी केली. ऑटरीतल्या आगीनंतर सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा तीच आग. २००७ साली या मालिकेचा शेवटचा भाग आला. त्यात हॅरी आपल्या आईबापांच्या कबरीपाशी जातो. त्या कबरीच्या दगडावर कोरलेली ओळ बायबलच्या नव्या करारातली आहे. मृत्यूच्या पराभवाविषयीची. पुस्तक जाळून टाकणाऱ्या घरातले मूल त्या ओळीपर्यंत कसे पोचणार?

म्हणजे सगळे काही मुलांच्या हाती द्यावे, असे माझे म्हणणे नाही. सहा वर्षांच्या कोलरिजला ती गोष्ट झेपली नाही, हे खरेच आहे. वय पाहावे. पुस्तक आधी स्वतः वाचावे. मूल घाबरले तर शेजारी बसावे. पण "यात जादू आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचे ते हे: या गोष्टीत दुबळ्याच्या बाजूने कोण उभे राहते? लोभाचे काय होते? खोटे बोलणाऱ्याला शेवटी काय मिळते? आणि पुस्तक मिटल्यावर आपले मूल जास्त दयाळू झाले की जास्त उद्धट?

श्रद्धावान आईबापांसाठी तर आणखी एक गोष्ट आहे. कुरआनात सूरह बकराच्या सुरुवातीलाच गैबवर, म्हणजे न दिसणाऱ्यावर, ईमान ठेवणाऱ्यांचा उल्लेख आहे. ख्रिस्ती धर्मातही श्रद्धा म्हणजे न दिसणाऱ्याची खात्री. ज्या मुलाला डोळ्यांपुढच्या भिंतीपलीकडचे काही मनात आणायची सवयच नाही, त्याला आपण गैब कसे समजावणार?

एक कबुली देते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गातल्या एका मुलाकडून उमरो अय्यारची चोपडी काढून घेतली होती. तासाला बाकाखाली ठेवून वाचत होता. मी ती टेबलाच्या खणात टाकली आणि विसरून गेले. ते पोर पुढे कधी माझ्याकडे पुस्तक मागायला आले नाही. मी ती जाळली नव्हती, पण त्या पोराच्या दृष्टीने फरक काय पडला?

सहशिक्षिकेला मी एवढेच म्हटले, "पुस्तक कपाटावरून काढा. पण त्याच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका. रोज रात्री एक प्रकरण तुम्ही दोघे मिळून वाचा. तुमच्या धर्मात बसत नाही असे काही आले, तर तिथेच थांबून त्याला सांगा."

त्या म्हणाल्या, "आणि चर्चमधले विचारतील तर?"

मी म्हटले, "त्यांना पाद्री कोलरिजची गोष्ट सांगा. दोन्ही सांगा, आगीची आणि चांदण्यांची."

परवा त्या सांगत होत्या, पाचवे प्रकरण झाले. आता मुलाआधी त्यांनाच पुढचे वाचायची घाई झाली आहे.