प्लॅटिपसचे अंडे आणि ८५ वर्षांचा वाद

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे वर्ग कसे पाडले ते पाहिलं. आज कुठल्याच वर्गात नीट न बसलेल्या एका प्राण्याविषयी बोलतो. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या नद्या-ओढ्यांत राहणारा प्लॅटिपस. अंगभर दाट केस, बदकासारखी चोच, आणि नराच्या मागच्या पायांना विषारी काटा. पाण्यात बुडी मारली की हा डोळे, कान, नाकपुड्या सगळं मिटून घेतो. मग भक्ष्य सापडतं कसं? तर चोचीने. पाण्यातल्या बारीक जिवांच्या स्नायूंतून जी क्षीण वीज निघते ती या चोचीला कळते. हे सिद्ध झालं १९८६ मध्ये, म्हणजे कालपरवाच म्हणा ना.

पण आजचा मुद्दा त्याच्या अंड्याचा.

१७९८ साली न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी त्याचे कातडे इंग्लंडला पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज शॉ यांनी वर्णन छापले, पण कुणी बदकाची चोच शिवून तर दिली नाही ना, ही शंका त्यांना होतीच. त्यांना हसू नका. माकड आणि मासा जोडून केलेल्या 'जलपऱ्या' तेव्हा खरोखर विकल्या जात.

चोच खरी निघाली. खरा पेच पुढेच होता. केस सस्तन प्राण्याचे, पण मलमूत्राला आणि प्रजननाला द्वार एकच, पक्ष्यांसारखे. पॅरिसचे जोफ्रुआ सेंट-हिलेर म्हणत, हा अंडी घालतो, तेव्हा दूध असणे शक्य नाही. जर्मनीच्या मेकेल यांनी दुधाच्या ग्रंथी दाखवल्या तरी ते मानेनात. लंडनचे रिचर्ड ओवेन म्हणत, दूध आहे, तेव्हा अंडी बाहेर येत नाहीत, पोटातच फुटत असणार. गंमत पाहा, दोघांचं गृहीत एकच : दूध आणि अंडी एकत्र नांदू शकत नाहीत. भांडण फक्त कोणतं खोडायचं एवढ्यापुरतं. आपला 'सस्तन' शब्दही इथे जरा अडखळतोच. या मादीला स्तनाग्रे नाहीत. दूध कातडीतून पाझरतं.

आणि उत्तर तर १८२२ मध्येच लंडनला छापून आलेलं होतं! पॅट्रिक हिल यांना कुकुगाँग नावाच्या आदिवासी प्रमुखाने सांगितलं होतं, की हा प्राणी दोन अंडी घालतो, कोंबडीच्या अंड्याएवढी. आकार चुकला, अंडे जेमतेम १७ मिलिमीटरचे असते. पण मुद्दा बरोबर होता, आणि अंडीही बहुधा दोनच असतात. ओवेन यांचं मत मात्र पुढे पन्नासेक वर्षं टिकलं.

१८८४ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिजच्या विल्यम काल्डवेल यांना क्वीन्सलंडच्या बर्नेट नदीवर एक मादी मिळाली. एक अंडे नुकतेच घातलेले, दुसरे गर्भाशयाच्या तोंडाशी. माँट्रियलला ब्रिटिश असोसिएशनचं अधिवेशन भरलं होतं, तिथे तार गेली. मूळ इंग्रजीत शब्द चारच. त्यातल्या पहिल्या दोनांनी वाद मिटला.

शोधाशोध केली होती सुमारे दीडशे आदिवासींनी. प्लॅटिपसच्या काटेरी भाऊबंदाच्या, एकिडनाच्या, दर मादीमागे काल्डवेल त्यांना अर्धा क्राउन देत. मात्र पीठ, चहा, साखर तेच विकत, आणि जितक्या माद्या जास्त सापडतील तितका भाव चढवत, म्हणजे माणसं अर्धपोटी राहतील आणि शोधत राहतील. हा आरोप कुणा विरोधकाचा नाही, त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.