डोंगरवाटेवरचा कुत्रा: जुना हक्क, जुनी अट

पांडवलेणी, रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी या नाशिकजवळच्या डोंगरांवर आता सुटीच्या दिवशी गळ्यात पट्टा असलेली पाळीव कुत्री मालकांबरोबर चढताना दिसतात. त्यावरचे वादही ठरलेले आहेत. एका बाजूचे म्हणणे, ही शहरी, परदेशी हौस आहे. आपल्याकडे कुत्रा दारात बसायचा, डोंगरावर फिरायला जायचा नाही. दुसरी बाजू म्हणते, कुत्रा हाही प्राणीच, रान त्याचेही आहे, मग आडकाठी कशाला? इतिहासाची साक्ष काढली तर दोन्ही म्हणणी टिकत नाहीत. महाराष्ट्राच्या डोंगररानात कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षे हिंडतो आहे. मात्र तो जिथे जिथे दिसतो तिथे त्याला काही काम आहे आणि त्याच्या वागण्याला जबाबदार असा एक माणूस आहे. त्याचा रानातला हक्क या अटीवरच उभा होता, आणि नेमकी ही अटच आज आपण विसरलो आहोत.

पुरावा अगदी आपल्या खोऱ्यातूनच सुरू होतो. गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, दैमाबादला, १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथात माणूस उभा आहे आणि पुढच्या दांडीवर एक कुत्रा. या वस्तू नेमक्या किती जुन्या याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. उत्खनन करणाऱ्यांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या, काहींना धातूच्या रसायनावरून शंका वाटली. वय काहीही ठरो, घडवणाऱ्याला माणसाचा प्रवास कुत्र्याशिवाय पुरा वाटला नाही, एवढे उघड आहे. पुढे राष्ट्रकूटांच्या काळात, दहाव्या शतकाच्या मध्यावर, कर्नाटकातल्या आतकूरचा शिलालेख काली नावाच्या शिकारी कुत्र्याची हकिकत सांगतो. हा कुत्रा एका सरदाराने राजाकडून मागून घेतला होता. रानडुकराशी झुंजताना तो मेला, तेव्हा त्याच्या नावे दगड उभा राहिला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या कुत्र्याची गोष्ट याच जातीची. वाघाच्या शिकारीत त्याने शाहूंचा जीव वाचवला म्हणून त्याला पालखीचा मान मिळाल्याचे ग्रँट डफ नोंदवतो, आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याला मात्र मी या साक्षीदारांत बसवणार नाही. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याला समकालीन आधार नाही, आणि तिथले स्मारक १९३६ सालचे आहे. एका भावलेल्या दंतकथेवर युक्तिवाद रचण्यापेक्षा दगडावर कोरलेला काली बरा.

राजेरजवाड्यांची कुत्री झाली शिकारीची. सामान्य माणसाच्या डोंगरवाटेवरचा खरा कुत्रा धनगराचा. देशावरच्या मेंढपाळांची वर्षाची चाल पावसाच्या तालावर असे. कोकणातला धुवाधार पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून पावसाळा देशावर काढायचा; दसरा-दिवाळीनंतर अनेक कळपांनी घाट उतरून कोकणातल्या रिकाम्या झालेल्या भातखाचरांकडे जायचे, आणि मृग लागण्याआधी वर परतायचे. शेतात मेंढरे बसवली की लेंडीमुताचे खत शेतकऱ्याला मिळे, मेंढपाळाला धान्य. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरे आणि कडेने कुत्री, अशी ही यात्रा सह्याद्रीच्या ऐन जंगलातून जाई. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून मेंढरे आत घेतली की मेंढरे आणि लांडगा-बिबट्या यांच्यामध्ये उरे तो कुत्राच. या कुत्र्याने ससे-हरणांमागे रानात भटकणे मेंढपाळाला परवडणारे नव्हते. तो कळप सोडून गेला, की त्या रात्री मेंढरू गेले. म्हणजे शिस्त ही कुणी वरून लादलेली नव्हती, धंद्यानेच ती लावली होती. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या दैवतांवर आयुष्य वेचले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांचे जग त्याने या भटकंतीतून उलगडले. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असणे आणि त्याला वाहिलेल्या वाघ्या भक्तांनी कधीकाळी कोटंबा या भिक्षापात्रातून कुत्र्यासारखे जेवणे, भुंकणे, याचा अर्थ या जगात ठेवूनच लागतो. वाघ्या म्हणजे देवाच्या दारचा बांधील. दत्ताच्या चार कुत्र्यांना परंपरेने वेद मानले, पण तीही मोकाट नाहीत, गुरूच्या पायाशी आहेत.

मग हौसेचा कुत्रा आला कधी? साहेबाबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला लष्करी छावणी उभी राहिली, हवा खायला येणाऱ्यांचे बंगले झाले, आणि सकाळी कुत्र्याला फिरवून आणणे हा दिनक्रमाचा भाग बनला. याच काळात १८७८च्या वन कायद्याने राने राखीव केली, म्हणजे मेंढपाळाच्या कुत्र्याच्या वाटा अडू लागल्या. ही जोडी विचार करण्यासारखी आहे: काम करणाऱ्या कुत्र्याचे रान आक्रसले, तेव्हाच विनाकामाच्या कुत्र्याची सैर प्रतिष्ठित झाली. शिकारी कुत्र्याचा धंदा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या बंदूक आणि सापळ्यापुरती नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे हेही तीत येते. शाहूंच्या कुत्र्याने केलेले काम आज गुन्हा आहे, आणि ते तसे असणेच योग्य आहे.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा: गावची मोकाट कुत्री रानात दिवसरात्र हिंडतात, गडावर जाणाऱ्यांच्या मागे स्वतःहून शिखरापर्यंत येतात, मग लस टोचलेल्या, दोरीत असलेल्या पाळीव कुत्र्यानेच काय घोडे मारले? आक्षेपात तथ्य आहे. येवला तालुक्यातल्या ममदापूरला काळविटांचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि तिथल्या हरणांना भटक्या कुत्र्यांचा त्रास आहे. तो त्रास पट्टेवाल्या कुत्र्यांनी दिलेला नाही. पण एकाच्या मोकाटपणाने दुसऱ्याला परवाना मिळत नाही, आणि धोका फक्त चाव्याचा नसतो. २०१८ साली गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. उलट दिशेनेही हिशेब मांडायला हवा. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. धनगराचा कुत्रा माणसे, घोडे आणि शेकोटी यांच्या सोबतीने रात्र काढत होता. गॅलरीत वाढलेला कुत्रा संध्याकाळी अंजनेरीच्या झाडीत दोरी सोडून पुढे पळाला, तर मालक ज्याला मोकळीक म्हणतो ती बिबट्याला आयती शिकार वाटते.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि महाभारताचा दाखला देऊन येतो: युधिष्ठिराच्या अखेरच्या चढणीवर शेवटपर्यंत सोबत राहिला तो कुत्राच, आणि त्याच्याविना त्याने स्वर्गही नाकारला. गोष्ट सुंदर आहे, पण ती काय सांगते ते नीट वाचावे. सोबत आलेल्याची जबाबदारी न झटकणे, हा तिचा गाभा आहे. युधिष्ठिराने कुत्र्याला दारापाशी सोडून दिले नाही. आजचा हौशी गिर्यारोहक मात्र वाटेत दोरी सोडून देतो आणि त्यालाच प्रेम म्हणतो.

तेव्हा सरसकट बंदीची मागणी मला इतिहासाला धरून वाटत नाही, आणि सरसकट मोकळीकही नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या, रामशेजची वाट, ब्रह्मगिरीची रुळलेली पायवाट या माणसांच्या आणि गुरांच्या वहिवाटीतल्या जागा आहेत. तिथे दोरीत असलेला कुत्रा जुन्या रीतीत बसतो, फक्त श्रावणातल्या प्रदक्षिणेची गर्दी टाळावी. ममदापूरचे माळरान, बोरगडचे राखीव क्षेत्र, २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर, अंजनेरीवरच्या गिधाडांच्या कड्यांचा भाग, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, इथे कुत्र्याला काहीही काम नाही. तिथे जायचे तर त्याला घरी ठेवून जावे. आणि जिथे न्यायचे तिथे नेण्याआधी रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात, दोरी हातात ठेवावी आणि सूर्य मावळण्याआधी खाली उतरावे.