प्राणहितेच्या काठचा प्रकाश : सिरोंचा परिसरातील छायाचित्रणाचा ऋतुक्रम

सिरोंचा हे प्राणहितेच्या डाव्या, म्हणजे पूर्वेकडील काठावर वसलेले गाव असून थोडे पुढे ही नदी गोदावरीला मिळते. त्यामुळे येथला सूर्य नदीपलीकडे मावळतो आणि सायंकाळचा तिरपा प्रकाश पाण्यावरून व वाळूवरून परतून गावाकडे येतो. अक्षांशाने सिरोंचा आणि मुंबई जवळजवळ एकाच रेषेत आहेत, परंतु सिरोंचा सुमारे सात अंश पूर्वेला असल्याने दिवस येथे अर्धा तास आधी उजाडतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश चढतो आणि भर दुपारीही सावल्या लांब राहतात, तर मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस तो नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. या प्रकाशापैकी किती प्रकाश टिपता आला, हे मात्र छायाचित्रकाराच्या हौसेइतकेच त्याच्या हातातील काचेवर आणि रसायनांवर अवलंबून राहिले आहे.

निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांच्या हवाली केल्यावर १८६० मध्ये अप्पर गोदावरी हा जिल्हा निर्माण झाला व सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे बनले. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडले गेले. अभियंते आर्थर कॉटन यांच्या कल्पनेनुसार गोदावरीतून गलबते वर आणण्याची, त्यासाठी एंचमपल्ली व देवलमरी येथील खडकाळ धोंडे ओलांडण्याची खटपट याच काळातील असून ती १८७१ मध्ये सोडून देण्यात आली. छायाचित्रणही तोवर अपरिचित नव्हते; मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक होते. म्हणजे कला देशात रुजली होती. अडचण होती ती हवेची. त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर व अल्कोहोल यांत विरघळवून बनवलेला चिकट द्राव पसरून ती चांदीच्या क्षारात बुडवावी लागे आणि ती ओली असतानाच चित्र घेऊन तंबूतील अंधारात धुवावे लागे. वैशाखातील उन्हात ईथर पाहता पाहता उडून जाई, त्यामुळे या पद्धतीला थंडीचेच महिने मानवत.

याहून खोल मर्यादा रंगांची होती. ती काच निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील, परंतु तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. परिणामी आकाश कोरे पांढरे उमटे, आषाढातील ढगांचे थर त्यात हरवून जात, सागाचे हिरवे रान काळवंडून येई आणि फाल्गुनात ज्याच्यामुळे सारा मुलूख पेटल्यासारखा दिसतो तो पळस काळ्या ठिपक्यांचा होई. वनप्रदेशाच्या बाबतीत हा तोटा मोठाच म्हणावा लागेल, कारण येथील ऋतू ओळखू येतात ते प्रामुख्याने रंगावरून. १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी काच सुचविली, १८७३ मध्ये फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्याची जाण दिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या, तेव्हा ढग व पाने ही दोन्ही प्रथमच एका चित्रात नांदू लागली. जिलेटिनही उष्ण पाण्यात मऊ पडते, म्हणून ते धुताना तुरटीने घट्ट करण्याची काळजी घ्यावी लागे.

या सुधारलेल्या साधनांचा लाभ प्रथम अभ्यासकांनी घेतला. इंद्रावतीपलीकडील बस्तरमधील माडियांवर ग्रिगसन यांचा ग्रंथ १९३८ मध्ये निघाला, आणि प्राणहितेच्या उजव्या तीरावरील आदिलाबादमध्ये फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात राजगोंडांची जी छायाचित्रे घेतली ती आज लंडनच्या संग्रहात आहेत. त्यांचे मोल निर्विवाद आहे. परंतु अशा चित्रांत माणूस केंद्रस्थानी असतो व प्रकाश त्याच्या सेवेला. केवळ प्रकाशासाठी, कोणताही अहवाल डोळ्यांसमोर न ठेवता त्याच त्याच वाटेवर पुन्हा जाण्याचा आनंद घ्यायचा तर तेथे राहणे भाग असते, आणि तो आनंद आज स्थानिकांच्या हाती आला आहे. रंगीत फिल्म १९३५ नंतर आली तरी ती महाग होती व धुण्यासाठी दूरच्या शहरी पाठवावी लागे. ही अडचण डिजिटल कॅमेऱ्याने आणि पुढे मोबाइलने दूर केली.

आता वर्षभराचे चक्र टिपता येते. पौषातील सकाळी नदीवरचे धुके विरेपर्यंत डोंगा नुसता आकार म्हणून दिसतो. माघ-फाल्गुनात पानगळीने सागाच्या रानात ऊन जमिनीपर्यंत उतरते व शेतांत वाळत घातलेली मिरची पळसाशी स्पर्धा करते. चैत्रात मोहाची फुले वेचणाऱ्या बाया पहाटेच्या कोवळ्या उजेडात झाडाखाली असतात. तेंदूच्या हंगामात वणव्यांच्या धुराने सूर्य तांबूस गोळा होतो. आणि पावसाळ्यात, जेव्हा साग पांढरट तुऱ्यांनी फुलतो, ढगांतून गाळून आलेल्या मऊ उजेडात पानापानाची शीर दिसते. तालुक्यातील वडधम येथील जीवाश्मांना मात्र सकाळ-संध्याकाळचे आडवे ऊनच हवे, कारण डोक्यावरच्या उन्हात दगडात रूपांतरित झालेल्या लाकडाचा पोत सपाट होतो.

या चित्रांना नकळत दस्तऐवजाचेही मोल आले आहे. खालच्या अंगाला गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा २१ जून २०१९ रोजी सुरू झाल्यावर अडलेले पाणी प्राणहितेत मागे चढले आणि उन्हाळ्यात उघडी पडणारी वाळूची बेटे झाकली गेली. जुलै २०२२ च्या महापुराने काठ बदलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचल्यावर पाणी सोडून द्यावे लागले व पात्राचे रूप पुन्हा पालटले. एकाच घाटावरून, एकाच दिशेने, तारीख नोंदवून घेतलेली चार ऋतूंची छायाचित्रे जर तालुक्याच्या ग्रंथालयात जमा होत गेली, तर नदीच्या या फेरबदलांचा असा पुरावा उभा राहील की जो कोणत्याही सरकारी नकाशात सापडत नाही, आणि हे काम सिरोंच्याच्या शाळकरी मुलांनाही आजच सुरू करता येण्याजोगे आहे.